उतारशाळा

प्रवासात धर्मगुरूवर लॉजमध्ये उतरण्याची वेळ क्वचितच येते. ज्या गावी जावे तेथे बहुधा चर्च असते, चर्चला लागून धर्मगुरूंचे निवासस्थान असते, आणि आदल्या दिवशी निरोप धाडला असेल तर ताटही वाढून ठेवलेले असते. आमच्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे होऊन गेली. या काळात पुष्कळ गावी मुक्काम घडला. परंतु पैसे मोजून, वहीत नाव लिहून आणि किल्ली हाती घेऊन आम्ही कोठे राहिलो नव्हतो. तो योग २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात चाकणला आला, आणि तोही एका दुःखद कारणाने.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा आय. टी. आय. पुरी करून चाकण परिसरातील एका लहान कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला लागला होता. पत्र्याला दाब देऊन आकार आणणाऱ्या प्रेस मशीनवर त्याचे काम. एका शनिवारी रात्रपाळीत त्याचा डावा हात मशीनखाली सापडला. रविवारी पहाटे त्याच्या सोबत्याचा फोन आला. मुलाचे वडील शेतमजूर, अक्षरओळख सहीपुरती. सकाळच्या मिस्सानंतर आम्ही लोकांना वार्ता सांगितली, आणि तासाभरात चाळीस हजार रुपये गोळा झाले. ती रक्कम पिशवीत घालून आम्ही त्या वडिलांसह दुपारच्या एस. टी.त बसलो. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या मुलाला नोकरी लागताना वर्तणुकीचा दाखला आम्हीच दिला होता. 'कष्टाळू व आज्ञाधारक' असे शब्द आम्ही त्यात लिहिले होते. संगमनेर सोडल्यापासून आळेफाटा येईपर्यंत तेच दोन शब्द आमच्या मनात घोळत राहिले.

चाकण आम्हाला अगदीच परके नव्हते. पुण्याला रामवाडीच्या सेमिनरीत शिकत असताना, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, सुटीला जाता-येता आमची गाडी तेथे थांबे. तेव्हा चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. खिडकीतून येणाऱ्या कांद्याच्या वासावरून डोळे मिटूनही गाव ओळखता येई. याखेरीज, १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे येथला लहानसा भुईकोट दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवला, एवढा इतिहास शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होता.

पुण्याच्या या अंगाला माणसे येत राहण्याची परंपरा जुनी आहे. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर गिरण्यांऐवजी यंत्रांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली, १९८२ साली महानगरपालिका. मग तेथली जागा अपुरी पडू लागली आणि उद्योग इंद्रायणी ओलांडून उत्तरेकडे सरकला. १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला आला, २००९ साली जर्मन मोटारींचे कारखाने आले, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहानमोठी कामे आली. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी ही नावे आता गावांची न राहता बसच्या थांब्यांची होऊन बसली आहेत. कारखान्यांसाठी भूखंड आखले गेले, रस्ते आखले गेले. कामगाराने रात्री पाठ कोठे टेकावी याची आखणी मात्र चाळमालकांवर आणि लॉजवाल्यांवर सोडून दिली गेली.

आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलाची दोन बोटे गेली होती. तिसरे राहील की जाईल हे बुधवारच्या शस्त्रक्रियेनंतर समजणार होते. पंधरा हजार रुपये अनामत भरले. रुग्णाजवळ रात्री एकानेच थांबायचे असा नियम; तेव्हा वडील थांबणार हे उघड होते. पिंपरीच्या चर्चमध्ये आमची सोय सहज झाली असती, परंतु ते अंतर वीसेक किलोमीटरचे आणि त्या रस्त्यावरची वाहनांची दाटी अशी की मध्यरात्री बोलावणे आले तर पोहोचण्याची शाश्वती नाही. शिवाय त्या वडिलांना दिवसा अंघोळीला आणि घटकाभर पडायला जागा हवी होती. म्हणून लॉज शोधायला निघालो.

पहिल्या दोन ठिकाणी जागा नव्हती. सगळ्या खोल्या ठेकेदारांनी महिन्याच्या बोलीने घेतलेल्या. तिसरे लॉज एका हार्डवेअरच्या दुकानावर होते. चिंचोळा जिना, जिन्याच्या तोंडाशी टेबल, टेबलामागे तिशीतला एक मॅनेजर. मान वर न करता त्याने विचारले, "किती तासांसाठी?" आम्ही म्हणालो, "चार रात्रींसाठी." तेव्हा त्याने मान वर केली आणि तो ओशाळला. आमच्यासोबतचे गृहस्थ आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी वडील. त्यांनी मोठ्या आदराने ओळख करून दिली, "हे आमचे फादर." मॅनेजरने त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि क्षणभर त्याला काहीच बोलता येईना. त्या सबंध दिवसात आम्ही तिघेही प्रथमच हसलो.

वहीत नाव, वय, गाव, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण असे रकाने होते. कारणाच्या रकान्यात आमच्या आधीच्या बहुतेकांनी 'काम' असे लिहिले होते. आम्ही 'रुग्णसेवा' लिहिले. आधारपत्राची प्रत जोडली. भिंतीवर दरपत्रक टांगलेले होते. सराईच्या मालकाने दरपत्रक सर्वांना दिसेल असे लावावे, आवार स्वच्छ ठेवावे, राखणदार नेमावा, अशी कर्तव्ये १८६७ सालच्या सराई कायद्याने सांगितली होती. त्यांपैकी निदान पहिले येथे निष्ठेने पाळलेले दिसले. दोन खाटांची खोली सहाशे रुपये, कर वेगळा. २०२२ सालच्या जुलैपासून हजाराच्या आतल्या खोल्यांनाही बारा टक्के कर लागू झाला होता. तो सांगताना मॅनेजरचा आवाज खाली जाई, जणू तो कर त्यानेच बसवला होता. एका रात्रीचे सहाशे बहात्तर रुपये आम्ही आगाऊ दिले आणि खोली क्रमांक सातची किल्ली घेतली.

खोलीत दोन लोखंडी खाटा, एक लाकडी टेबल, पंखा, भिंतीत दोन खिळे. आरशाच्या कडेला कोणा अनोळखी स्त्रीने चिकटवून ठेवलेली लाल टिकली. बादलीला दोरीचा कान. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. चादर धुतलेली होती, तरी तिला यंत्राच्या तेलाचा मंद वास येत होता. तो वास त्या सबंध इमारतीलाच होता. खिडकी नाशिक रस्त्यावर उघडत असे. नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन जाणारे लांबलचक ट्रेलर रात्रभर तिच्याखालून जात आणि टेबलावरचे पाण्याचे भांडे थरथरत राही.

पहिल्या रात्री झोप आली नाही, तेव्हा आम्ही त्या इमारतीचे वेळापत्रक ऐकत पडलो. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या पाळीची माणसे कंपनीच्या बसमधून उतरत. जिन्यावर बुटांचे आवाज, मग नळाचा, मग स्टोव्हवर पोळी शेकल्याचा वास. पहाटे पाचला दुसरे बूट जिना उतरत. शेजारच्या खोलीत तीन खाटांवर सहाजण राहत. एक कामावरून आला की दुसरा उठून जाई. त्या गादीला थंड व्हायला म्हणून वेळ मिळत नसे. कोणी ओडिशाचा, कोणी झारखंडचा, दोघे नांदेडकडचे. रविवारी सकाळी ते सगळे एकाच वेळी खोलीत असतात, तेव्हा निम्मे गॅलरीत झोपतात, असे आम्हाला मागाहून कळले. तीस वर्षांपूर्वी आम्ही एस. टी.च्या खिडकीतून जे गाव पाहत होतो ते झोपायला घरी जाणाऱ्या माणसांचे होते.

मॅनेजर लातूरकडचा. तोही आधी एका कंपनीत होता. काही महिने काम आणि मग सक्तीची विश्रांती, ज्याला तिकडे सगळे 'ब्रेक' म्हणतात, असे दोनदा झाल्यावर त्याने ही नोकरी धरली. टेबलामागच्या कोनाड्यात त्याची खाट; तेथेच तो झोपे, तेथेच जेवे. मुलाच्या बोटांची चौकशी तो रोज करी. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून वडिलांना डबा आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत. "आमच्या बाजूला बोटं गेलेली चार पोरं हायत, फादर," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास दारावर टकटक झाली. रुग्णालयातून बोलावणे आले असे वाटून आम्ही धडपडत उठलो. दारात मॅनेजर होता.

"फादर, झोपमोड केली. एक पोरगं आलंय. ठेकेदाराचा माणूस न्यायला येणार होता, तो आलाच न्हाई. सगळ्या खोल्या भरल्यात. तुमच्याकडची एक खाट रिकामी हाय. सकाळपर्यंतचाच प्रश्न हाय."

त्याच्या मागे, जिन्याच्या दिव्याखाली, पत्र्याची पेटी दोन्ही हातांनी धरून एक मुलगा उभा होता. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. अंगावरचा सदरा पावसाने भिजलेला. तो आमच्याकडे पाहत नव्हता. पेटीच्या कुलपाकडे पाहत होता.

आमच्या उशाखाली पिशवी होती आणि पिशवीत पंचवीस हजार रुपये होते. ते आमचे नव्हते. कोणी तीन दिवसांची मजुरी त्यात घातली होती, एका आजीने शेळी विकून आलेल्यातले पाचशे घातले होते. सकाळी शस्त्रक्रियेआधी ते भरायचे होते. अनोळखी मनुष्य खोलीत घेऊन आम्ही झोपलो आणि उद्या पिशवी नाहीशी झाली तर लोकांना काय सांगणार? हा सर्व विचार आम्ही दारात उभ्या उभ्या, दोन श्वासांच्या अवधीत केला. आणि अत्यंत सौम्य शब्दांत म्हणालो, "क्षमा करा. आज जमण्यासारखे नाही."

मॅनेजरने आग्रह केला नाही. "बरंय, फादर. झोपा तुम्ही," एवढेच म्हणून तो वळला. आम्ही दार लावले आणि कडी घातली. ती कडी गंजलेली होती; तिचा आवाज मोठा झाला.

सकाळी सहाला चहासाठी खाली उतरलो. टेबलामागच्या कोनाड्यातील खाटेवर तो मुलगा पेटी उशाशी घेऊन गाढ झोपला होता. मॅनेजर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, भिंतीला डोके टेकून, वर्तमानपत्र अंथरून बसल्या बसल्या झोपला होता. जिना उतरणारी माणसे त्याला ओलांडून कामावर जात होती. आम्हीही त्याला ओलांडून गेलो.

त्या दिवशी खोलीतल्या लाकडी टेबलावर मिस्सा अर्पण करताना पश्चात्तापाच्या प्रार्थनेपाशी आम्ही बराच वेळ अडखळलो. नाताळच्या मध्यरात्री गेली पंचवीस वर्षे आम्ही बेथलेहेमच्या उतारशाळेवर प्रवचन देत आलो आहोत. हातात कंदील घेतलेला, कपाळाला आठ्या पाडलेला तो उतारशाळेचा मालक आम्ही लोकांपुढे किती रंगवला आहे! मुलांच्या नाटकात कापसाची दाढी लावून त्याचे काम करायला दरवर्षी एखादा आडदांड मुलगा आम्हीच निवडतो. आता त्या खाटेवर बसून सेमिनरीत शिकलेले आठवू लागलो तेव्हा ध्यानात आले की, संत लूकच्या शुभवर्तमानात असा मनुष्यच नाही. जागा नव्हती एवढेच तेथे म्हटले आहे. कोणी दार लावल्याचा उल्लेख नाही.

आमच्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी हे शिकवले होते. त्या ठिकाणी मूळ शब्द 'कातालुमा' असा आहे. त्याचा अर्थ पाहुण्यांच्या उतरण्याची जागा असा होतो. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूक पुढे हाच शब्द वापरतो. पैसे घेऊन वाटसरूला ठेवणारी खरी उतारशाळा त्याच शुभवर्तमानात दुसरीकडे येते. वाटमारी झालेल्या मनुष्याला शोमरोनी जेथे घेऊन जातो ती. तिला शब्द आहे 'पान्दोखेइओन', म्हणजे सर्वांना घेणारी. आपण लहानपणापासून ऐकत आलेल्या मराठी भाषांतरात दोन्हीकडे 'उतारशाळा' हाच शब्द असल्यामुळे हा भेद आपल्या कानांना कळत नाही. थोडक्यात, ज्या उतारशाळेच्या रक्षकाला आम्ही वर्षानुवर्षे दोष देत होतो तो शास्त्रात नाहीच; आणि जो आहे तो भला मनुष्य आहे. दोन नाणी घेऊन, वर लागेल ते परत येताना देईन या बोलावर विसंबून, तो एका जखमी परक्याची शुश्रूषा पत्करतो. त्या दृष्टांतात एक याजकही आहे. तो काय करतो हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

हॉस्पिटल, होस्टेल आणि हॉटेल हे तिन्ही शब्द 'होस्पेस' या एकाच लॅटिन शब्दापासून निघाले. त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. चार दिवस आम्ही यांपैकी दोहोंच्या मध्ये येरझारा घालत होतो, तेव्हा ही व्युत्पत्ती आमच्या कामी आली नाही.

तरी पैशांचे काय, असे वाचक विचारतील. आम्हीही स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. ती लोकांची ठेव होती आणि ती सांभाळणे आमचे कर्तव्य होते, हे आजही आम्हाला खरे वाटते. पण पिशवी मॅनेजरच्या कपाटात ठेवता आली असती. ती घेऊन आम्ही खाली टेबलाशी बसून राहू शकलो असतो, आणि तो मुलगा व मॅनेजर दोघेही आमच्या खोलीत झोपले असते. असे दोन-तीन मार्ग आम्हाला सकाळी सहा वाजता सुचले. मॅनेजरला त्याचा मार्ग रात्री दीड वाजता सुचला होता. पिशवीची भीती खरी होती. पण ओल्या सदऱ्याचा तो मुलगा पाहून आम्हाला आधी चोर आठवला, हेही तितकेच खरे आहे. नुकताच हात चेचून घेतलेला आमचा मुलगाही दोन वर्षांपूर्वी अशीच पेटी घेऊन या गावात उतरला होता. त्याला पहिली रात्र कोणी जागा दिली होती, हे आम्ही त्याला कधी विचारले नव्हते.

शस्त्रक्रिया झाली. तिसरे बोट राहिले. गुरुवारी रुग्णालयाचा हिशेब चुकता करताना पिशवी पूर्ण रिकामी झाली. ठेकेदाराकडून एकदा केळी आली होती. त्यापलीकडे कोणी फिरकले नाही. लॉजचे तीन रात्रींचे दोन हजार सोळा रुपये देणे होते आणि आमच्या खिशात परतीच्या तिकिटापुरते शिल्लक होते. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची विद्या आम्हाला तेव्हा अवगत नव्हती. आम्ही मॅनेजरला तसे सांगितले आणि हातातले घड्याळ काढू लागलो. त्याने हात धरला. "पुढच्या खेपेला द्या, फादर. पोराला दाखवायला याल की," असे म्हणून त्याने वहीत 'बाकी' असा शब्द लिहिला आणि मुलाची पिशवी उचलून रिक्षापर्यंत आला. त्या रात्रीसंबंधी बोलावे असे आमच्या फार मनात होते. रिक्षा सुरू झाली आणि ते राहूनच गेले.

नोव्हेंबरात मुलाला दाखवण्यासाठी पुन्हा चाकणला गेलो, तेव्हा टेबलामागे दुसराच मनुष्य होता. पहिला मॅनेजर दिवाळीच्या आधी काम सोडून गेला होता. कोणी रांजणगाव म्हणे, कोणी गावाकडे. आम्ही बाकी असल्याचे सांगितल्यावर नव्या मॅनेजरला आश्चर्य वाटले. मागितल्यावाचून पैसे द्यायला आलेला गिऱ्हाईक त्याने पाहिला नसावा. त्याने ऑगस्टची वही काढून दिली.

आमच्या निवासस्थानात एक जादा खोली आहे. महागुरुस्वामींच्या भेटीसाठी ती राखून ठेवलेली असते आणि वर्षाचे तीनशे साठ दिवस तिला कुलूप असते. त्या नाताळपासून तिची किल्ली आम्ही दाराबाहेरच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे. आतापर्यंत तिचा उपयोग चारदा झाला. एकदा गाडी बंद पडलेल्या कांद्याच्या ट्रकच्या चालकासाठी आणि तीनदा रुग्णालयात माणूस असलेल्यांसाठी. चादरी नाहीशा झाल्या त्या एकदाच. आमचा मुलगा आता संगमनेरला एका दुकानात हिशेब लिहितो. उजवा हात शाबूत आहे.

पण आम्हाला सांगायची आहे ती त्या वहीतली गोष्ट. आमच्या नोंदीच्या पानानंतर दोन पाने उलटल्यावर ती तारीख सापडली. वेळ, रात्री १.२०. एका मुलाचे नाव, वय १९, ओडिशातील एक गाव, येण्याचे कारण 'काम'. खोली क्रमांकाच्या रकान्यात मॅनेजरने काहीच लिहिले नव्हते. भाड्याच्या रकान्यातही नाही. मागे येऊन आम्ही आमची नोंद पुन्हा पाहिली: खोली ७, खाटा २. नव्या मॅनेजरने तिच्यापुढे 'जमा' असे लिहिले, तारीख घातली आणि पावती फाडून आमच्या हाती दिली.